फोन मेला, नेट जिवंत

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो होतो : तारेवरचं नेट रुसलं तर मोडेम बदलायच्या आधी घरात शिरणारी वायर बघा. त्यावर एवढी पत्रं आली की आमच्या आचऱ्याच्या पोस्टमनने विचारलं, “काका, निवडणुकीक उभे रवलात काय?” सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून एकाच दुखण्याची पत्रं एकत्र केली आहेत. मी इंजिनीअर नव्हे. आयटीआय करून १९८३ साली टेलिफोनच्या कामाला लागलो आणि चौतीस वर्षं खांबावर, खड्ड्यात नि लोकांच्या पडवीत काढली. उत्तरंही तशीच असणार.

प्रश्न : फोनवर बोलत असतानाच त्याच दोन तारांवरून नेट चालतं. दोन्ही एकमेकांत मिसळत कसं नाही? आणि मग जुन्या डायल-अपच्या काळात फोन एंगेज का लागायचा? – निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले

गुरुजी, तुम्ही वेंगुर्ल्याचे, म्हणजे भजनाच्या डबलबारीला बसला असणारच. मांडवात पखवाज आणि झांज एकाच वेळी वाजतात. हवा एकच, तरी कानाला पखवाज वेगळा कळतो नि झांज वेगळी, कारण एकाचा सूर खालचा, दुसरीचा वरचा. तारेतही तेवढंच घडतं. बोलणं खालच्या पट्टीत चालतं, नेट वरच्या.

आकड्यांत सांगायचं तर टेलिफोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जातो. कोण बोलतंय आणि काय बोलतंय हे कळायला तेवढं पुरतं, असं टेलिफोनवाल्यांनी फार पूर्वीच ठरवलं आणि एक्सचेंजात ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकायला सुरुवात केली. पुढे एक्सचेंज डिजिटल झाली तेव्हा या आवाजाचं सेकंदाला ८,००० वेळा माप घ्यायचं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं, असा हिशोब ठरला. गुणाकार केला की ६४,००० बिट होतात. डायल-अप मोडेम बिचारा या बोलण्याच्या खोलीतच कोंडलेला. तो म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला केलेला फोनच. म्हणून ती किंचाळी ऐकू यायची, म्हणून फोन एंगेज लागायचा आणि म्हणूनच ५६ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांच्या पुढे त्याची मजल गेली नाही. मुंबईचा मुलगा रात्री फोन लावून लावून दमायचा आणि इथे नातू क्रिकेटचा स्कोर बघत बसलेला, असे तंटे मी स्वतः मिटवले आहेत.

गंमत अशी की तारेला त्या गाळणीचा पत्ताच नव्हता. तांब्याच्या जोडीतून लाखो हर्ट्झचे सूर जाऊ शकतात, आम्ही ते एक्सचेंजच्या दारात अडवत होतो. एडीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरचं ब्रॉडबँड आलं तेव्हा कोणी नवी तार टाकली नाही. ती जोडी गाळणीपाशी पोचायच्या आधीच फोडून घेतली. खालचे सूर नेहमीच्या एक्सचेंजकडे, वरचे सूर डीस्लॅम नावाच्या वेगळ्या कपाटाकडे. तुमच्या घरी हेच काम ती चपटी पांढरी डबी करते, जिला सगळे स्प्लिटर म्हणतात. नेटचा इलाका साधारण २५ किलोहर्ट्झपासून सुरू होतो आणि पहिल्या एडीएसएलमध्ये ११०४ किलोहर्ट्झपर्यंत जातो. नंतरच्या एडीएसएल-टू-प्लसमध्ये तो दुप्पट झाला, २२०८ पर्यंत.

आता खरी अक्कलहुशारी. हा सगळा पट्टा एकच मोठा रस्ता म्हणून वापरत नाहीत. पहिल्या एडीएसएलमध्ये शून्यापासून ११०४ पर्यंतच्या पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे २५६ तुकडे करतात. तरीच्या धक्क्यावर २५६ होड्या उभ्या आहेत असं समजा. मोडेम चालू केल्यावर त्याचा दिवा मिनिटभर लुकलुकत असतो ना, तेव्हा तो एकेक होडी पाण्यात हलवून बघत असतो. होडी मजबूत असेल तर तीत १५ पर्यंत बिट बसवायचे, जरा गळकी असेल तर तीनचार, फुटकी असेल तर रिकामीच ठेवायची. पहिल्या पाचसहा होड्या बोलण्याच्या वाटेत येतात म्हणून त्या सोडूनच द्यायच्या. प्रत्येक होडी सेकंदाला ४,००० फेऱ्या मारते. २०० होड्या, सरासरी १० बिट, ४,००० फेऱ्या. हे झाले ८० लाख बिट, म्हणजे आठ एमबीपीएस. हे होड्यांचं गणित प्रत्यक्षात उतरवण्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन चिऑफी यांचा मोठा वाटा आहे. मला ते नाव निवृत्तीनंतर कळलं. नोकरीत असताना आम्हाला फक्त दिवा हिरवा झाला की नाही एवढंच विचारत.

प्रश्न : हापूसच्या मोसमात गिऱ्हाइकांना पेट्यांचे फोटो, व्हिडिओ पाठवावे लागतात. येताना नेट बरं, पण जाताना गोगलगाय. असं का? – आंबा बागायतदार, देवगड

कारण वरच्या २५६ होड्यांपैकी तुमच्याकडून एक्सचेंजकडे जाणाऱ्या होड्या जेमतेम पंचवीस आहेत. १३८ किलोहर्ट्झच्या खालच्या तुमच्या, वरच्या सगळ्या तुमच्याकडे येणाऱ्या. जाताना फार तर एक एमबीपीएसच्या आसपास मिळणार. एडीएसएलमधलं पहिलं ‘ए’ म्हणजे हीच असमान वाटणी.

यात कोणाची लबाडी नाही. अमेरिकेत बेलकोर नावाच्या संस्थेत जोसेफ लेचलायडर म्हणून इंजिनीअर होते, त्यांनी ही वाटणी सुचवली. एक्सचेंजच्या तोंडाशी शेकडो जोड्या एकाच केबलमध्ये दाटीवाटीने असतात. घरांकडून आलेले सूर तिथे पोचेपर्यंत थकलेले, आणि शेजारच्या जोडीतून घरांकडे निघालेले सूर ताजे, खणखणीत. दोघांची पट्टी एक असेल तर ताजा आवाज थकलेल्याला गिळून टाकतो. म्हणून दोन्ही दिशांच्या पट्ट्या वेगळ्या केल्या, आणि लोक मागवतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून येणाऱ्याला मोठा वाटा दिला. तेव्हा कोणाच्या डोक्यात देवगडचा बागायतदार नव्हता.

व्हिडिओ रात्री झोपताना लावून ठेवा, फोटो लहान करून पाठवा. तसंही फोटोत सगळ्यांचाच आंबा केशरी दिसतो.

प्रश्न : आमचं घर खाडीच्या काठावर. पलीकडच्या काठावर एक्सचेंज, खळ्यातून त्याचा टॉवर दिसतो. तरी नेट दोन एमबीपीएसच्या वर जात नाही. कंपनी म्हणते अंतर जास्त. डोळ्यांना दिसतंय ते अंतर जास्त कसं? – एक वाचक, मालवण तालुका

अहो, टॉवर तुम्हाला दिसतो, पण केबल पोहत येत नाही. ती रस्त्याने जाते, रस्ता पुलाकडे जातो आणि पूल आपल्याकडे कधी घरासमोर नसतो. होडीने पाच मिनिटांचं अंतर केबलला पाचसहा किलोमीटर पडतं.

पुन्हा डबलबारीकडे येतो. रात्री दूरच्या वाडीत बारी चालू असेल तर घरी अंथरुणात काय ऐकू येतं? पखवाजाची थाप. झांज वाटेतच विरते. तारेतही वरचे सूर लवकर विरतात. बोलणं सहा किलोमीटरवर खुशाल पोचतं, पण वरच्या होड्या एकेक करून बुडतात आणि खालच्या थोड्या तेवढ्या तरंगत राहतात. तुम्हाला पाचसहा किलोमीटरवर दोन एमबीपीएस मिळत असतील तर तुमची तार चांगली राखली आहे असं मी म्हणेन. २००४ साली सरकारने ब्रॉडबँडचं धोरण आणलं तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, हेही आठवा.

अंतराची खात्री करायची असेल तर दोन उपाय आहेत. मोडेमच्या पानावर जा (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, बहुतेक मोडेमना हेच चालतं) आणि ‘लाइन अटेन्युएशन’, म्हणजे वाटेत सूर किती विरले त्याचा डेसिबलमधला आकडा, बघा. किलोमीटरला साधारण १३-१४ डेसिबल धरा. साठच्या पुढे आकडा असेल तर कंपनी खरं बोलतेय. दुसरा उपाय लाइनमनचा : एक्सचेंजात जोडीची टोकं जुळवून घरी मीटर लावायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याची जोडी किलोमीटरला सुमारे १७० ओहम दाखवते. साडेआठशे आले की पाच किलोमीटर. तार बारीक असेल, ०.४ ची, तर ओहमही जास्त आणि नेटही लवकर दमतं.

प्रश्न : पाऊस लागला की नेट जातं. फोन खरखरतो पण चालतो. दोन दिवस ऊन पडलं की नेट आपोआप सुरू. तक्रार केली की माणूस येतो, पण तो येतो तेव्हा नेमकं ऊन असतं. तो बघतो, “चालू आहे की वहिनी” म्हणतो नि जातो. मला वेड लागायचं बाकी आहे. – एक गृहिणी, कणकवली तालुका

वहिनी, या एका तक्रारीची बावीस पत्रं आहेत. जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या लाइनीत कुठेतरी एक सांधा आहे आणि त्यात पाणी शिरतं. सांधे असतात कुठे? जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (केबलच्या जोड्या जुळवायचं कपाट), वाडीतल्या डीपीच्या डबीत, जिथून घराघराला तारा फुटतात, आणि डीपीपासून तुमच्या घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप वायरीत. जमिनीखालच्या केबलमध्ये जेली भरलेली असते, ती सहसा दगा देत नाही, जेसीबीच्या दाताने तुटली तरच. माझ्या अनुभवात दहातले सात दोष डीपीत आणि ड्रॉप वायरीत सापडले.

डीपीची डबी उघडली की आत काय काय निघतं ते एकदा सांगायलाच हवं. मुंग्या तर असतातच. पण आपल्याकडची खरी मालकीण म्हणजे कुंभारीण. ती माशी डबीच्या भोकातून आत जाते आणि टॅगांच्या, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्यांच्या मधोमध मातीचं घर बांधते. उन्हाळ्यात ती माती ठणठणीत कोरडी, कोणाला काही त्रास नाही. मिरग लागला की तीच माती ओल धरते आणि दोन टॅगांमध्ये ओला पूल तयार होतो. त्याला आम्ही लो इन्सुलेशन म्हणतो. बोलणं त्यातून खरखरत का होईना निघतं, पण मोडेमच्या होड्या एकामागून एक गळायला लागतात. मोडेम सोसतो, सोसतो, मग लाइन सोडून देतो आणि पुन्हा पहिल्यापासून दिवा लुकलुकत बसतो. शिवाय किनाऱ्याची हवा खारी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आमटी कळकते ना, तशी तार कळकते. सांध्यावर हिरवी पूड चढते. दोन तारा पिळलेल्या दिसतात, पण मध्ये पुडीचा थर असतो.

त्या थराची एक खोड आहे. फोन उचलला की लाइनीतून वीसपंचवीस मिलिअँपिअरचा प्रवाह वाहतो, आणि तेवढ्याने कधीकधी थर तात्पुरता फुटतो. म्हणून “फोनवर बोलत असलं की नेट बरं चालतं” असं काही लोक सांगतात, नि ऐकणारे हसतात. हसू नका. असं सांगणाऱ्याच्या घरी सांधा कळकलेला आहे, हे मी न बघता लिहून देतो.

आता या लेखाला नाव दिलंय ती गोष्ट. २०१२ चा जुलै. किनाऱ्यालगतच्या एका वाडीतून एका आजीची तक्रार आली, ती मला अजून शब्दशः आठवते : “फोन मेलो, पण नातवाचा नेट चलता. ह्या कसा रे?” दोन वेळा ती तक्रार बंद झाली होती, कारण कचेरीत बसून बघितलं तर मोडेम लाइनीवर दिसत होता. मोडेम दिसतो म्हणजे तार शाबूत, तार शाबूत म्हणजे फोनचं यंत्रच खराब, असा निकाल लागला. आजीने नवं यंत्र विकत आणलं, तेही मेलेलं. मग मला पाठवलं.

मीही मनात म्हटलं, म्हातारीचं काहीतरी गडबडतंय. गेलो तर खरंच, रिसिव्हर कानाला लावला की आत सामसूम, टोन नाही, काही नाही. आणि नातू आतल्या खोलीत बसून ईमेल उघडतोय. रडतखडत, दोन एमबीपीएसच्या जागी दोनशे-अडीचशे केबीपीएस, पण चालू! डीपीवर टेस्ट फोन लावला, टोन खणखणीत. घराच्या वळचणीला लावला, सामसूम. म्हणजे मधल्या ऐंशी फुटांत भानगड. ड्रॉप वायर एका फणसावरून गेली होती आणि बेचक्यात काळ्या टेपने गुंडाळलेला एक सांधा होता. टेप सोडली. एक तार धड. दुसरी हिरवी होऊन तुटलेली, पण दोन्ही टोकं ओल्या टेपच्या आत एकमेकांसमोर, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट.

एक्सचेंजमधून फोनला ४८ व्होल्टचा डीसी येतो. डीसीला फट म्हणजे भिंत. प्रवाह नाही, तर टोन नाही, घंटा नाही, फोन मेला. पण नेटचे सूर सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे होणारे. त्यांना समोरासमोरची दोन टोकं म्हणजे बारकासा कपॅसिटर, पंख्यात असतो त्याचा अगदी चिमुकला भाऊ. त्यातून डीसी जात नाही, वरचे सूर थोडेफार उडी मारून जातात. मार खातात, निम्म्याहून जास्त होड्या वाटेतच संपतात, पण मोडेम उरलेल्यांवर भागवतो. फोन मेला नि नेट जिवंत, आजी शंभर टक्के बरोबर होती.

वीतभर तार कापून टाकली, जेलीचे कनेक्टर लावून नवा सांधा केला, तो फणसावरून काढून वळचणीखाली आणला. टोन आला, नेट दोन एमबीपीएसला गेलं. आजीने चहाबरोबर फणसाचे तळलेले गरे दिले. ते खाताना मी तिला एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो. तो काळ्या टेपचा सांधा माझाच होता. दोन वर्षांपूर्वी घाईत केलेला. टेप गुंडाळायची माझी पद्धत मला ओळखता येते.

तर वहिनी, तुम्ही काय करायचं? पाऊस चालू असतानाच, ऊन पडायची वाट न बघता, वायरचा साधा फोन (कॉर्डलेस नको) घ्या, रिसिव्हर उचला, कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबेल, आणि दहा सेकंद कान देऊन ऐका. तळणीत पापड टाकल्यासारखा आवाज आला तर सांध्यात पाणी आहे. तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, तारीख-वेळ बोलून. शिवाय मोडेमच्या पानावरचा ‘एसएनआर मार्जिन’चा आकडा (नेटचे सूर गोंगाटावर किती उरून आहेत ते तो सांगतो) पावसात आणि उन्हात, दोन्ही वेळी लिहून ठेवा. उन्हात १२-१४ नि पावसात ५ असेल तर तो कागद आलेल्या माणसाच्या हातात द्या. “चालू आहे की” म्हणायची सोय राहणार नाही. आणि त्याला आधी डीपी उघडायला सांगा, मग ड्रॉप वायर. मोडेमला हात लावायला निघाला तर चहा उशिरा द्या.

प्रश्न : एक्सचेंजकडून ‘नवी जोडी’ दिल्यापासून फोनमध्ये तिसऱ्याच कोणाचं बोलणं ऐकू येतं, आणि नेट निम्म्यावर आलं. – दुकानदार, राजापूर

जोडी फुटली आहे. जोडणाऱ्याने एक तार एका जोडीतली नि दुसरी शेजारच्या जोडीतली घेतली. केबलमध्ये प्रत्येक जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि शेवटी वजा होऊन जातो. पीळ देण्याची ही युक्ती खुद्द ग्रॅहम बेलची, १८८१ च्या पेटंटमधली. तुमच्या दोन तारा वेगवेगळ्या पिळांत गेल्या, त्यामुळे वजाबाकी होत नाही आणि शेजाऱ्याची भानगड तुम्हाला ऐकू येते. मीटरवर हा दोष दिसत नाही, ओहम बरोबर येतात, म्हणून पोरं फसतात. पिलरवर रंग तपासून जोडी पुन्हा जुळवा, असं सांगा. तोवर शेजाऱ्याचं जे ऐकलंत ते पोटात ठेवा.

प्रश्न : फोन आला की नेट तुटतं. घंटा वाजायची थांबली की परत येतं. – रत्नागिरी

माजघरात किंवा मागच्या पडवीत जुनी एक्स्टेन्शनची घंटा किंवा दुसरा फोन आहे का? तो स्प्लिटरच्या आधीच लाइनीला जोडलेला असणार. घंटी वाजवायला ७५ व्होल्टच्या आसपासचा एसी येतो, तो धक्का थेट मोडेमच्या सुरांवर बसतो. घरातली सगळी यंत्रं स्प्लिटरच्या ‘फोन’ लिहिलेल्या तोंडातून घ्या, किंवा प्रत्येकाला वेगळं फिल्टर लावा. एवढं करूनही तुटत असेल तर वर वहिनींना सांगितलेला कळकलेला सांधा.

प्रश्न : डीएसएलचा दिवा स्थिर, इंटरनेटचा दिवा बंद. तुमच्या सांगण्यावरून मी अख्खी ड्रॉप वायर बदलली! – सावंतवाडी

अरेरे. डीएसएलचा दिवा स्थिर म्हणजे तारेचं काम संपलं, होड्या चालू आहेत. दोष युजरनेम-पासवर्डमध्ये, बिलात किंवा एक्सचेंजच्या पलीकडे. वायर नवी झाली, पुढची पाचसहा वर्षं तरी बघायला नको.

प्रश्न : दिवसा बरं चालणारं नेट रात्री आठनंतर मंद का होतं? सगळे एकदम वापरतात म्हणून का? – वेंगुर्ले

ते एक कारण आहेच. डीस्लॅमपासून पुढची वाट सगळ्यांची सामाईक. पण एक कारण कोणी सांगत नाही. आपली मीडियम वेव्ह रेडिओ केंद्रं नेटच्याच पट्ट्यात येतात. मुंबई ‘ब’, म्हणजे आताची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झवर. हिशोब केलात तर ती १२९ व्या होडीवर बसते. रात्री मीडियम वेव्ह आकाशातून परावर्तित होऊन लांबलांबून येतात. आपल्या किनाऱ्यावर रात्री ट्रान्झिस्टरचा काटा फिरवला की समुद्रापलीकडची अरबी गाणी लागायची, आठवतंय? तीच गाणी तुमच्या ड्रॉप वायरीलाही लागतात. वरून लोंबणारी ऐंशी फूट वायर, त्यात दोन तारा समांतर, पीळ नाही, म्हणजे उत्तम अँटेना. मोडेम त्या त्या होड्यांतून बिट उतरवतो. रात्री मार्जिनचा आकडा दोनचार डेसिबलने उतरलेला दिसला तर घाबरू नका. सहाच्या खाली जाऊन लाइन तुटत असेल तर ड्रॉप वायरीच्या जागी पीळ असलेली वायर ओढून घ्या.

प्रश्न : विजा चमकताना मोडेम बंद करणं पुरेसं आहे का? – गुहागर

नाही. बटण बंद करून काही होत नाही. मोडेममध्ये वीज दोन वाटांनी शिरते, प्लगमधून आणि टेलिफोनच्या तारेतून. दोन्ही उपटा. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात तर नक्कीच. लोक प्लग काढतात नि तार विसरतात, त्यामुळे मी पोत्याने मेलेले मोडेम पाहिलेत.

प्रश्न : आमच्या वाडीत आता फायबर आलं. तांब्याची लाइन ठेवू की सोडू? – बऱ्याच जणांचा, बऱ्याच गावांहून

नेटसाठी विचारत असाल तर सोडा. हे लिहिताना मला आनंद होत नाही, पण खोटं कशाला लिहू? काचेच्या धाग्यात प्रकाश जातो, त्याला रेडिओ लागत नाही, तो कळकत नाही, कुंभारणीने शेजारी घर बांधलं तरी त्याला पर्वा नाही. चारपाच किलोमीटर म्हणजे त्याला काहीच नाही. शहरांत काही काळ मधला मार्गही चालला. फायबर रस्त्याच्या कपाटापर्यंत आणायचं आणि शेवटचे काहीशे मीटर तांब्यावर व्हीडीएसएल चालवायचं. तार तोकडी असली की तांबंही शंभर एमबीपीएस देतं. पण आपली घरं एका वाडीत चार, दुसऱ्या वाडीत सहा. ते कपाट ठेवणार कुठे?

फायबर घेताना दोन गोष्टी बघा. खिडकीच्या चौकटीत तो काटकोनात मुडपू देऊ नका. आणि वीज गेली तर फायबर तुमचा फोन चालवत नाही. तांब्याच्या फोनला एक्सचेंजच्या बॅटऱ्या वीज द्यायच्या, म्हणून घरात काळोख असला तरी साध्या फोनला टोन असायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर आपल्याकडे कितीतरी गावं अंधारात होती, तेव्हा हा फरक ज्याला कळायचा त्याला कळला. फायबरच्या डबीला बहुतेक करून बारा व्होल्ट लागतात. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, तो कनेक्शनबरोबरच घ्या, पण आधी डबीवरचा आकडा वाचा.

जुनी ड्रॉप वायर गुंडाळून ठेवा, फेकू नका. माझ्या मागच्या अंगणात तिची तीस फूट आहे, दोन माडांना बांधलेली. तिच्यावर गोधड्या वाळतात.